चाल कुणाची, हात कुणाचा?

गेल्या वर्षी एका आंतरमहाविद्यालयीन गीतस्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो. गाणं स्वतः लिहायचं, चाल स्वतः लावायची, ध्वनिमुद्रण करून पाठवायचं, असा नियम. चाळीसेक गाणी आली होती आणि आम्ही तिघं एका बंद खोलीत चहाच्या आधारावर ती ऐकत होतो. अकराव्या की बाराव्या गाण्यात ढोलकी सुरू झाली आणि शेजारच्या परीक्षकबाईंनी मान वर केली. "हे आत्ताच ऐकलं ना आपण?"

ऐकलं होतं. चौथ्या गाण्यातली ढोलकी आणि ही ढोलकी एकच होती. तोच ठेका, तोच तोडा, तोड्याच्या शेवटी तीच एक थाप जरा जास्त जोरात पडलेली. एक गाणं मुलीचं, शाहिरी थाटाचं. दुसरं मुलाचं, पावसाने दगा दिलेल्या शिवारावरचं. दोघांची कॉलेजं दोन वेगळ्या जिल्ह्यांतली. दोघांना फोन लावला. उत्तर एकच आलं: "सर, ॲपमधला लूप आहे तो."

नियमावलीत 'स्वनिर्मित' असा शब्द होता. त्या शब्दावर बोट ठेवून आम्ही दोन्ही गाणी बाद केली. कागदावर माझीही सही आहे.

मुलगी काही बोलली नाही. मुलगा मात्र भांडला. म्हणाला, "सर, माझं गाणं काळी एकमध्ये होतं. लूपमधली ढोलकी पांढरी तीनला लावलेली. तिला खाली ओढली की मडकं बडवल्यासारखी वाजते. म्हणून मीच वर गेलो. पंधरा दिवस वरच्या पट्टीत गायची सवय केली." त्याला 'बघतो' म्हणालो आणि बघितलं नाही. फोन ठेवता ठेवता सहज विचारलं, "ढोलकी वाजवलीय कुणी?" तो थोडा वेळ गप्प होता, बहुधा ॲपमध्ये शोधत असावा. मग म्हणाला, "फाइलचं नाव आहे सर. माणसाचं नाही."

त्या दिवसापासून हे प्रकरण डोक्यातून गेलेलं नाही. आमचा निकाल चुकला असं आता मला वाटतं, आणि तो का चुकला ते सांगण्यासाठी हा लेख. पण निकाल चुकला म्हणजे सगळं आलबेल आहे असंही मला म्हणायचं नाही. आम्ही भलत्याच प्रश्नावर शिक्षा दिली आणि खरा प्रश्न विचारायचा राहून गेला.

लूप म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. कुणीतरी वाजवलेला एक, दोन किंवा चार आवर्तनांचा तुकडा असा कापतात की शेवट संपला की सुरुवात बेमालूम जुळावी, आणि मग तो हवा तितका वेळ फिरवता यावा. सॅम्पल हा त्याहून मोठा शब्द: एखादी सुटी थाप, एखादा स्वर, जुन्या तबकडीतली एखादी ओळ, काहीही. १९९८ साली 'ॲसिड' नावाच्या सॉफ्टवेअरने हा तुकडा सूर न हलवता कोणत्याही वेगात बसवून दाखवला आणि काम एकदम सोपं झालं. त्याच्या थोडं आधी बेल्जियममधून 'फ्रूटी लूप्स' आलं होतं. तेच आजचं एफएल स्टुडिओ, ज्याच्यावर आपल्याकडच्या निम्म्या डीजेंचा संसार उभा आहे. २००४ साली ॲपलने गॅरेजबँड काढलं आणि लूपचा खजिना त्याच्यासोबतच दिला. आता तर सिंगापूरचं बँडलॅब आणि स्वीडनचं साउंडट्रॅप ब्राउझरमध्ये किंवा फोनवर चालतात. लॅपटॉप नको, साउंड कार्ड नको, स्टुडिओचं भाडं नको. दहा कोटी लोक आमच्याकडे आहेत, असं बँडलॅबने २०२४ साली जाहीर केलं. त्या दहा कोटींत आमचे हे दोघेही आलेच.

आता पहिला आक्षेप, जो आम्ही तिघांनी घेतला: ही तयार माल आणून मांडायची कला. यात स्वतःचं काय?

हा आक्षेप मराठी माणसाने घ्यावा याची मला आता गंमत वाटते. आजोबांच्या पेटीत नाट्यपदांची जुनी पुस्तकं आहेत. प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक टायपात एक ओळ असते: 'चाल – अमुक अमुक'. म्हणजे शब्द नवे, चाल आधीची. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' पुण्यात उभं राहिलं तेव्हा त्यातल्या पदांच्या चाली कीर्तनातल्या साकी-दिंडीतून, लावणीतून, कर्नाटकातून आल्या होत्या. १९१६च्या 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशींवर पदं बेतली आणि ते नाट्यसंगीताचं शिखर मानलं गेलं. पंढरपुरात देवळाबाहेर भजनांच्या पुस्तिका घ्या. विठ्ठलाच्या भजनावर 'चाल' म्हणून सिनेमातलं चक्क प्रेमगीत छापलेलं सापडेल. विठ्ठलाने तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

आणि ठेका? तबलजी तासभर तीच सोळा मात्रांची फेरी फिरवत बसतो तेव्हा तो काय करतो? तबल्याच्या एकल वादनात मागे पेटीवर किंवा सारंगीवर एकच लेहरा घोळवत ठेवतात, तो लूप नाही तर काय? लूपला नाकं मुरडणाऱ्या कितीतरी गवयांच्या घरी सकाळी रियाजाला इलेक्ट्रॉनिक तंबोरा लागतो आणि ठेका धरणारी 'तालमाला' ही पेटी सुरू होते. मीही त्यातलाच. पुनरावृत्ती हा आपल्या संगीताचा पाया आहे. कोरी पाटी ही कल्पना आपल्याकडे फार उशिरा आली आणि आपण ती स्पर्धेच्या नियमात घालून बसलो.

बाहेरच्या जगाचं उदाहरण हवं असेल तर २००७ सालचं रिहानाचं 'अम्ब्रेला' घ्या. त्याच्या तळाशी जो ड्रम वाजतो तो गॅरेजबँडसोबत कुणालाही मिळणारा लूप आहे, 'व्हिंटेज फंक किट ०३' नावाचा. ज्याच्याकडे ॲपलचा संगणक होता त्या प्रत्येकाकडे तो होता. गाणं मात्र एकच झालं.

तेव्हा लूप घेतला एवढ्यावर कुणाला बाद करणं मला पटत नाही. पण त्या दोन गाण्यांत फरक होता, आणि तो ऐकणं हे आमचं काम होतं. मुलीने ढोलकी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जशीच्या तशी चालू ठेवली होती. साडेतीन मिनिटं तोच तोडा, दर आठव्या आवर्तनाला, घड्याळाच्या टोल्यासारखा. शाहिराचा आवाज चढला तरी ढोलकीला त्याचा पत्ता नाही. मुलाने तोडा कापून वेगळा काढला होता आणि तो एकदाच वापरला होता. अंतऱ्यात ढोलकी पूर्ण थांबवली होती, आणि 'ढग आले, गेले' अशा अर्थाच्या ओळीवर फक्त ती एक जोरातली थाप सुटी ठेवली होती. हे काम ऐकायला कान लागतो. त्याच्याकडे होता. आमच्याकडे त्या दिवशी नव्हता, आम्ही दोघांना एका दोरीने बांधलं.

लूपचा खरा तोटा इथे दिसतो, आणि तो आळशीपणाचा नाही. फडावर ढोलकीवाला नाचणारणीच्या पायाकडे बघून वाजवतो. तिने गिरकी लांबवली की तो लग्गी लांबवतो, ती थबकली की समेच्या आधी क्षणभर श्वास धरतो. लूप कुणाकडेच बघत नाही. शिवाय ही सॉफ्टवेअरं उघडलीत की बहुतेक वेळा समोर १२०चा वेग आणि चार-चारचा हिशोब आधीच मांडून ठेवलेला असतो. चौकटी आखलेल्या असतात आणि प्रत्येक थाप चौकटीच्या रेघेला ओढून चिकटवायची सोय असते. सहा मात्रांचा दादरा किंवा सातांचा रूपक करता येत नाही असं नाही, पण त्यासाठी सेटिंगमध्ये शिरावं लागतं. आणि सोळा-सतरा वर्षांचं पोर पहिल्या दिवशी सेटिंगमध्ये शिरत नाही. ते समोर दिसेल ते वापरतं. लूपच्या यादीत हिप-हॉपचे बारा पोटप्रकार असतात. ढोलकी कुठे असते? 'एथनिक' किंवा 'वर्ल्ड' नावाच्या अडगळीत, आफ्रिकेच्या ढोलाशेजारी आणि मोरोक्कोच्या डफाशेजारी. तिथे हाताशी येतील अशा ढोलकीच्या फाइली मोजक्याच. म्हणून दोन जिल्ह्यांतल्या दोन पोरांच्या हाती एकच ढोलकी लागली. त्यांनी एकमेकांची नक्कल केली नव्हती, दुकानात मालच एक होता.

आणखी एक बारीक गोष्ट, जी त्या मुलाने मला सांगितली आणि मी कानाआड केली. आपली ढोलकी सुरात लावलेली असते. पाश्चात्त्य ड्रमच्या लूपला सूर नसतो असं सॉफ्टवेअर धरून चालतं, म्हणून गाण्याची पट्टी बदलली तरी तालवाद्याचा लूप आहे तिथेच राहतो. ढोलकीलाही तोच न्याय लावला की ती गाण्याशी बेसूर होते आणि ऐकणाऱ्याला काहीतरी खटकतं, काय ते सांगता येत नाही. त्या मुलाला सांगता आलं. लूपने त्याचा कान मारला असं म्हणणाऱ्याने आधी याचं उत्तर द्यावं.

आता तो राहून गेलेला प्रश्न. वाजवलीय कुणी?

१९६९ साली अमेरिकेत 'द विन्स्टन्स' नावाच्या बँडची एक तबकडी निघाली. तिच्या मागच्या बाजूच्या 'अमेन, ब्रदर' या गाण्यात मध्येच बाकीचे थांबतात आणि ड्रमवाला ग्रेगरी कोलमन एकटा चार आवर्तनं वाजवतो. जेमतेम सात सेकंद. पुढे सॅम्पलर यंत्रं आली आणि त्या सात सेकंदांवर हिप-हॉपची गाणी उभी राहिली. इंग्लंडमध्ये तर जंगल आणि ड्रम अँड बेस हे आख्खे प्रकार त्यांच्या जिवावर चालले. जगात सर्वाधिक वेळा उचलल्या गेलेल्या तुकड्यांत त्याची गणना होते. कोलमन २००६ साली वारला तेव्हा त्याला राहायला घर नव्हतं. बँडचा म्होरक्या रिचर्ड स्पेन्सर याला २०१५ साली एका ब्रिटिश डीजेने लोकवर्गणी काढून सुमारे २४ हजार पौंड मिळवून दिले. म्हणजे कायद्याने नव्हे, कुणाला तरी लाज वाटली म्हणून.

याच्या उलट गोष्ट २०१८-१९ची. लिल नॅस एक्स नावाच्या अमेरिकी पोराने इंटरनेटवरून ३० डॉलरला एक बीट, म्हणजे गाण्याखाली वाजणारं तयार संगीत, विकत घेतली. ती बनवणारा नेदरलँड्समधला तसाच एक पोरसवदा निर्माता, यंगकिओ. त्याने त्या बीटमध्ये नाइन इंच नेल्स या बँडच्या २००८ सालच्या एका वाद्यसंगीतातला बँजो उचलला होता. गाणं अमेरिकेच्या यादीत १९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. मूळ तुकडा बनवणारे ट्रेंट रेझनर आणि ॲटिकस रॉस यांची नावं त्या गाण्याच्या कर्त्यांत लागली. त्यांना कशाची कमतरता होती असं नाही. त्यांच्यामागे वकील होते, कोलमनमागे कुणी नव्हतं, हा यातला निम्मा फरक. उरलेला निम्मा असा की २०१९पर्यंत 'हे कुणाचं' असं विचारायची पद्धत तिथे पडली होती.

ती पद्धत पडण्यात आपल्या लताबाईंच्या आवाजाचाही थोडा वाटा आहे, हे फार जणांना आठवत नसेल. १९८१च्या 'ज्योती' सिनेमातलं त्यांनी गायलेलं, बप्पी लाहिरींच्या चालीचं गाणं २००२ साली एका अमेरिकी गाण्यात कित्येक ओळी उचलून वापरलं गेलं. ना परवानगी, ना नाव. खटला झाला. २००३ साली लॉस एंजेलिसच्या न्यायाधीशांनी आदेश दिला की लाहिरींचं नाव लागेपर्यंत ती सीडी विकायची नाही. पैशांचा हिशोब पुढचा, आधी नाव लावा. मला हा क्रम फार आवडतो.

मग लूपच्या बाबतीत नाव का नाही? कारण लूप 'रॉयल्टी-फ्री' असतो. एकदा वर्गणी भरली, किंवा फुकट असेल तर तीही नाही, की पुढे गाणं कितीही चालो, कुणाला काही द्यायचं नाही. पोरांसाठी ही सोय चांगलीच आहे, त्यांना कोर्टाची भीती राहत नाही. पण दुसऱ्या टोकाला वादक असतो. तो स्टुडिओत बोलावला जातो, दिवसभर वाजवतो, बहुतेक वेळा एकरकमी पैसे घेतो आणि घरी जातो. त्याच्या वाजवण्याचे शंभर तुकडे होतात, त्यांना आकडे मिळतात. सगळेच निनावी राहतात असं मात्र नाही. ज्या निर्मात्याचं नाव खपतं त्याचं नाव पॅकच्या वेष्टनावर ठळक असतं. निनावी राहतो तो 'एथनिक'वाला.

आपला कायदा याबाबत अगदीच मुका नाही. कॉपीराइट कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीने वादकाला 'हे मी वाजवलंय' म्हणून नाव लावून घेण्याचा नैतिक हक्क दिला. आणि त्याच वाक्यात दारही किलकिलं ठेवलं: वापराच्या पद्धतीमुळेच नाव गाळावं लागत असेल तर गाळलेलं चालेल. लूप हा वापराचा असाच प्रकार आहे, असं एखादा वकील सहज म्हणेल. पण फोनवरच्या फाइलीला नाव, वेग, पट्टी, शैली असे चार रकाने जोडता येतात तर पाचवा जोडायला कसली पद्धत आडवी येते?

इथे कुणीतरी म्हणणार, अहो, हलगीचा ठेका काय कुणाच्या बापाचा आहे? लोकसंगीत सगळ्यांचं. ठेका सगळ्यांचा आहे, मान्य. मी तो टेबलावर वाजवला तर कुणाला काही देणं लागत नाही. पण लूपमध्ये ठेका नसतो, एका माणसाचा एका दिवसाचा हात असतो. हलगी कडबा पेटवून किती तापवली, बारीक काडी कशी सोडली, ती जोरातली थाप चुकून पडली की मुद्दाम मारली, हे सगळं त्या माणसाचं. ठेका परंपरेचा आणि हात माणसाचा, हे दोन वेगळे ठेवले की अर्धं भांडण मिटतं.

आणि 'सगळ्यांचं' हा शब्द आपण कुठे वापरतो तेही बघायला हवं. ख्यालाच्या बंदिशीला घराणं असतं, गुरू असतो, बुवांचं नाव असतं. हलगी मातंग समाजाने वाजवली, संबळ गोंधळ्यांनी, ढोलकी तमाशाच्या फडाने. तिथे आपण 'पारंपरिक' असा शिक्का मारतो आणि मोकळे होतो. कॅसेटच्या काळापासून हे चालू आहे, लूपने त्यावर फक्त यंत्र बसवलं. गणपतीतल्या मिरवणुकीची हलगी मिक्स ऐका. दर अर्ध्या मिनिटाला एक बाई इंग्रजीत डीजेचं नाव ओरडून जाते. हलगी कुणाची, हे एकदाही नाही. बेंजो पार्टीतल्या पोराच्या पुढ्यात रोलंड कंपनीचं इलेक्ट्रॉनिक पॅड असतं, त्यात संबळ, ताशा, नाशिक ढोल सगळं भरलेलं. वाजवणारा पोरगा झकास वाजवतो, मला त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण त्या पॅडमध्ये ज्याचा संबळ बंद आहे तो गोंधळी कोण, कुठला?

पोटापाण्याचा आक्षेप मी हलका मानत नाही. एके काळी मुंबईच्या स्टुडिओत सिनेमाच्या एका गाण्याला पन्नास-साठ वादक बसत. गोव्याहून आलेल्या अरेंजरांनी आणि व्हायोलिनवाल्यांनी ते विश्व उभारलं होतं. नव्वदच्या दशकात कीबोर्ड, सॅम्पलर आणि प्रोग्रामिंग आलं आणि एकेक करून खुर्च्या रिकाम्या झाल्या. त्यांच्या पोटावर पाय आला हे खरंच आहे. पण तो पाय मोठ्या पैशाच्या सिनेमाचा होता. शिवारावर गाणं करणाऱ्या पोराने लूप घेतला नसता तर त्याने काही ढोलकीवाला बोलावला नसता. त्याचं गाणं ढोलकीशिवाय राहिलं असतं, किंवा झालंच नसतं. दोघांना एकाच तराजूत घालून पोराला ओरडणं सोपं पडतं, कारण तो समोर असतो.

आता तर यंत्राला दोन वाक्यं सांगितली की आख्खं गाणं हातात येतं, ढोलकीसकट. अशा दोन कंपन्यांवर मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी २०२४च्या जूनमध्ये खटले भरले. ते जिंकोत वा हरोत. तिथे 'वाजवलीय कुणी' या प्रश्नाला उत्तरच उरत नाही, हजार हातांचा लगदा झालेला असतो. लूपमध्ये निदान एक माणूस शाबूत आहे, शोधला तर सापडणारा. म्हणून मला हा प्रश्न आत्ता विचारायची घाई आहे.

काय करता येईल? बाहेर याला नमुना आहे. बार्सिलोनातल्या एका विद्यापीठाने २००५ पासून 'फ्रीसाउंड' नावाचा आवाजांचा साठा चालवला आहे. त्यातले पुष्कळ आवाज कुणीही वापरावेत, फक्त देणाऱ्याचं नाव लिहावं, एवढ्या अटीवर मोकळे आहेत. आपल्याकडे मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आहे, राज्याचं सांस्कृतिक कार्य संचालनालय आहे. ज्येष्ठ कलावंतांना सरकार मानधन देतं. त्याच कलावंतांना बोलावून एक-एक दिवस नीट ध्वनिमुद्रण करायला, हाताचे चांगले पैसे द्यायला आणि ते तुकडे वादकाच्या, गावाच्या आणि फडाच्या नावासकट मोकळे करायला फार मोठी रक्कम लागणार नाही. विद्यार्थ्यांना फुकट, सिनेमावाल्यांना पैसे मोजून, आणि त्या पैशांतला वाटा वादकाला. पट्टी लिहिलेली असावी, सहा आणि सात मात्रांचे ठेके वेगळे असावेत, आणि हो, ढोलकी 'एथनिक'मध्ये नको. ती आपल्या साठ्यात पहिल्या रकान्यात असेल.

सरकारी काम होईल तेव्हा होईल. माझी खात्री नाही. सरकारी खोलीत पडून बुरशी आलेल्या फितींच्या गोष्टी मीही ऐकल्या आहेत. तोवर आपल्या हातातलं एक काम आहे आणि ते आजोबांच्या पुस्तकात छापलेलं आहे. डोक्यावर एक ओळ. 'चाल – अमुक'. स्पर्धा असो, यूट्यूब असो, कॉलेजचं गॅदरिंग असो, गाण्याच्या खाली लिहावं: ढोलकी अमक्या ॲपमधला लूप, बासरी स्वतः, टाळ मित्राचे. चाळीस लूप असतील तर चाळीस ओळी. सिनेमाच्या शेवटी चहावाल्यापासून जनरेटरवाल्यापर्यंत नावं सरकतात, तिथे कुणाचा जीव जात नाही. आणि ही ओळ लिहायची सवय लागली की पोरं पुढचा प्रश्न आपोआप विचारतील, ॲपवाल्यांना विचारतील, की या फाइलीमागे नाव का नाही. दहा कोटींतल्या काही हजारांनी विचारलं तरी तिकडे कुणाला तरी उत्तर द्यावं लागेल.

त्या स्पर्धेच्या आयोजकांना मी पत्र लिहिलं. आधीचा निकाल बदलता येणार नाही असं त्यांनी कळवलं, ते बरोबरच होतं. पण यंदाच्या अर्जावर 'स्वनिर्मित' हा शब्द काढून एक रकाना घातला: गाण्यात काय कुणाचं आहे ते लिहा. परीक्षकबाईंना अजून हे फारसं पटलेलं नाही. त्यांच्या मते रकाना भरला म्हणजे गुण मिळतील अशी पोरांची समजूत होईल. होईलही. पाच-सहा अर्जांवर रकाना कोराच होता. बऱ्याच जणांनी नुसतं ॲपचं नाव लिहिलं. एकीने लिहिलं, 'संबळ – लूप. वाजवणाऱ्याचं नाव खूप शोधलं, सापडलं नाही.' ही तीच मुलगी, शाहिरीवाली.

मुलाचंही गाणं आलं होतं. यंदा लूप नव्हता, फोनवर घरीच मुद्रित केलेली हलगी होती, आवाज फाटलेला आणि मागे कुठेतरी मोटारसायकल सुरू होणारी. बक्षीस मिळालं नाही, मीही त्याला कमीच गुण दिले. रकान्यात त्याने लिहिलं होतं: 'हलगी – आप्पा (चुलते). पाऊस होता, तापवायला जमलं नाही, म्हणून जरा मऊ वाजलीय.'